इटालियन शब्दांची अक्षरफोड आणि आघाताची जागा

इटालियन शिकायला बसलेल्या मराठी माणसाला पहिल्याच आठवड्यात एक सुखद अनुभव येतो. रोमन लिपीतील २१ वर्ण, त्यांचे जवळपास ठरलेले उच्चार, आपल्यासारखेच दातांना जीभ लावून म्हटलेले त आणि द, आणि बहुतेक शब्दांच्या शेवटी स्वर, यांमुळे अर्थ कळला नाही तरी मजकूर मोठ्याने वाचता येतो. मात्र याच सोयीमुळे दोन गोष्टी शिकायच्या राहून जातात. शब्दाची अक्षरे नेमकी कुठे वेगळी होतात ही पहिली, आणि त्यांपैकी कोणत्या एका अक्षरावर आघात येतो ही दुसरी. दक्षिण इटलीतील मोठ्या शहराचे नाव आपण ‘नापोली’ असे लिहितो आणि शेवटच्या ‘ली’वर रेंगाळतो; तिथला माणूस पहिल्या ‘ना’वर जोर देतो आणि पुढची दोन अक्षरे हलकेच सोडून देतो. हा केवळ ढबीचा फरक नव्हे. मराठीत आघाताची जागा हलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. इटालियनमध्ये तो बदलतो.

या दोन गोष्टी याच क्रमाने शिकाव्यात. इटालियनमध्ये आघाताची जागा शब्दाच्या शेवटापासून मागे मोजली जाते, त्यामुळे अक्षरांची मोजणी चुकली की आघातही चुकतो. गोव्यात किंवा मुंबईत पाश्चात्त्य वृंदगायन करणाऱ्यांना तर अक्षरफोड रोजच भेटते, कारण स्वरलिपीत गाण्याचे शब्द अक्षरागणिक आडव्या रेघेने तोडून, त्या त्या सुराखाली छापलेले असतात.

या लेखातील खुणा

अक्षरे वेगळी दाखवण्यासाठी मध्ये आडवी रेघ दिली आहे, आणि ज्या अक्षरावर आघात आहे ते चौकटी कंसात ठेवले आहे. शहराचे वरील नाव असे लिहू: [ना]-पो-लि. येथे शेवटचा ‘लि’ मुद्दाम ऱ्हस्व ठेवला आहे. मराठी शुद्धलेखनात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात. ही सवय इटालियन शब्दांना लावली की डोळा आणि जीभ दोन्ही शेवटच्या अक्षरावर थांबतात, आणि माझ्या मते मराठी भाषकांच्या निम्म्या चुकांचे मूळ इथेच आहे. म्हणून या लेखापुरता तो नियम बाजूला ठेवावा. इकार-उकार दीर्घ लिहिला असेल तर त्या अक्षरावर आघात आहे आणि ते खरोखर लांबवून म्हणायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ. इटालियन ‘आ’ कुठेही असला तरी ‘आ’च राहतो; आघात नसलेल्या जागी त्याचा ‘अ’ करू नये.

अक्षर आणि जोडाक्षर

अक्षर म्हणजे एका स्वराभोवती जमलेला उच्चाराचा एक घास. देवनागरी लिहिताना आपण जोडाक्षर एकत्र लिहितो, आणि म्हणून ‘मंत्र’ची फोड ‘म’ आणि ‘न्त्र’ अशी असावी असे वाटते. ऐकायला मात्र ती ‘मन्’ आणि ‘त्र’ अशी येते. शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ म्हणत ज्यांनी गण पाडले आहेत, त्यांना हे वेगळ्या शब्दांत ठाऊकच असते: जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानतात, कारण जोडाक्षरातील पहिले व्यंजन मागच्या अक्षराला जाऊन टेकते. त्याच नियमाला एक अपवादही शिकवतात. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ अशा शब्दांत जोडाक्षराचा आघात मागे पडत नाही, म्हणून आधीचे अक्षर लघूच राहते. इटालियन अक्षरफोडीतील व्यंजनांचा बहुतेक भाग या एका भेदावर उभा आहे. व्यंजनांची जोडी दिसली की स्वतःला विचारावे: हिच्यातले पहिले व्यंजन मागे टेकते, की सगळी जोडी पुढे जाते?

याचे उत्तर देणारी कसोटी सोपी आहे. ज्या व्यंजनसमूहाने मूळचा इटालियन शब्द सुरू होऊ शकतो, तो समूह शब्दाच्या मध्ये आला तरी अखंड राहतो आणि पुढच्या अक्षरात जातो. ज्याने शब्द सुरू होऊ शकत नाही, तो फुटतो.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढे जाते: [का]-सा (घर), आ-[मो]-रे (प्रेम), [ता]-व्हो-लो (टेबल). पहिले व्यंजन ल, म, न, र यांपैकी असेल आणि नंतर दुसरे व्यंजन असेल, तर समूह फुटतो: [पोर्]-ता (दार), [तेम्]-पो (वेळ), [आल्]-तो (उंच), [तान्]-तो (पुष्कळ). ‘न्त’ने किंवा ‘र्त’ने इटालियन शब्द सुरू होत नाही, हे त्याचे कारण. देवनागरीत ‘तान्तो’ लिहिल्यावर ‘न्त’ एकत्र दिसतो, म्हणून सरावाच्या वहीत तरी पाय मोडलेला ‘न्’ स्पष्ट लिहावा.

नंतर र किंवा ल जोडलेली जोडी मात्र अखंड राहते: [ली]-ब्रो (पुस्तक), [मा]-द्रे (आई), [क्वा]-द्रो (चित्र). इथे देवनागरीची जोडाक्षरे आणि इटालियन फोड तंतोतंत जुळतात. तीन व्यंजने आली की दोन्ही नियम एकामागोमाग लावावेत. पहिले मागे जाते, उरलेली जोडी पुढे: [आल्]-त्रो (दुसरा), [सेम्]-प्रे (नेहमी), इन्-[ग्ले]-से (इंग्रज).

‘स’चा नियम मराठी माणसाला चकवतो, कारण त्याच्या कानाला ‘पास्-ता’ असे ऐकू येते. लेखनातील फोड मात्र [पा]-स्ता अशीच आहे, आणि ‘स’नंतर कितीही व्यंजने आली तरी ‘स’ त्यांच्यासोबत पुढे जातो: फि-[ने]-स्त्रा (खिडकी), मा-[ए]-स्त्रो (गुरुजी), ए-[स्प्रेस्]-सो. कसोटी इथेही लागू पडते. ‘स्त’, ‘स्त्र’, ‘स्प’ यांनी सुरू होणारे इटालियन शब्द पुष्कळ आहेत. तरीही आपल्या कानाला अगदीच खोटे ठरवायचे कारण नाही. उच्चाराचा अभ्यास करणारे अनेक भाषाशास्त्रज्ञ ‘पास्-ता’ हीच बोलण्यातील खरी फोड मानतात, आणि ‘पास्ता’तला ‘आ’ हा ‘कासा’तल्या ‘आ’इतका लांबत नाही हा त्याचा पुरावा देतात. लिहिताना, ओळ तोडताना आणि परीक्षेत मात्र शाळेतला नियम पाळावा.

काही ध्वनी रोमन लिपीत दोन किंवा तीन वर्णांनी लिहितात, पण ते एकच व्यंजन आहेत आणि ते कधीही फोडू नयेत. ‘जी-एन’ने लिहिलेला ‘न्य’ [बा]-न्यो (न्हाणीघर) या शब्दात आहे, आणि ला-[सा]-न्ये या पदार्थाच्या नावातही. ‘जी-एल-आय’ने लिहिलेला ‘ल्य’ [फी]-ल्यो (मुलगा) या शब्दात, ‘एस-सी’ने लिहिलेला ‘श’ [पे]-शे (मासा) या शब्दात. ‘एच’ला स्वतःचा उच्चार नाही. तो ‘सी’ किंवा ‘जी’ला चिकटून ‘क’ आणि ‘ग’ हे उच्चार टिकवतो. म्हणून आपल्याकडील उपाहारगृहांत ‘ब्रुशेटा’ म्हणतात तो पदार्थ ब्रु-[स्केत्]-ता आहे.

ग्रीकमधून आलेल्या शब्दांत ‘क्न’, ‘त्म’ असे इटालियनला अनोळखी समूह येतात, आणि ते फुटतात: [तेक्]-नि-का (तंत्र), [रित्]-मो (लय).

द्वित्त

द्वित्त, म्हणजे लागोपाठ दोनदा आलेले एकच व्यंजन, नेहमी मधोमध फुटते: [गात्]-तो (मांजर), [नोत्]-ते (रात्र), मोत्-त्सा-[रेल्]-ला, काप्-पुच्-[ची]-नो. ‘सी’ आणि ‘क्यू’ एकत्र आले की तेही द्वित्तच: [आक्]-क्वा (पाणी). हा नियम एका वाक्यात संपतो, पण त्याचा उच्चार मन लावून शिकावा लागतो, आणि इथे मराठी भाषकाची बाजू भक्कम आहे. ‘दहा पटी’तली ‘पटी’ आणि कपाळावरची ‘पट्टी’ यांत आपण सहज फरक करतो. इटालियनमध्येही असेच [पा]-ला म्हणजे फावडे आणि [पाल्]-ला म्हणजे चेंडू, [नो]-नो म्हणजे नववा आणि [नोन्]-नो म्हणजे आजोबा, [से]-ते म्हणजे तहान आणि [सेत्]-ते म्हणजे सात, का-[पेल्]-लो म्हणजे केस आणि काप्-[पेल्]-लो म्हणजे टोपी.

या जोड्यांत केवळ व्यंजन बदलत नाही. आघाताचे अक्षर स्वरान्त असेल आणि शब्दाच्या अगदी शेवटी नसेल, तर त्याचा स्वर लांबतो. ते व्यंजनान्त असेल तर स्वर आखूड राहतो आणि वेळ व्यंजनावर खर्च होतो. ‘पाला’त ‘आ’ लांब, ‘पाल्ला’त ‘आ’ आखूड आणि ‘ल’ लांब. फोड बरोबर केली की ही लांबी आपोआप कळते. ती वेगळी पाठ करावी लागत नाही.

स्वर शेजारी आले की

इटालियन फोडीतील खरा कठीण भाग स्वरांचा आहे. दोन स्वर शेजारी आले की ते एका अक्षरात मिसळतात की दोन अक्षरे होतात, हे ठरवण्यासाठी मराठी व्याकरणातला यणसंधी आठवावा. ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘इत्यादि’ होते. इ-उ यांच्यापुढे विजातीय स्वर आला की त्यांचे य आणि व होतात. इटालियनमध्ये आघात नसलेला इ किंवा उ दुसऱ्या स्वराआधी आला की नेमके हेच घडते. [प्या]-नो (हळू), [फ्यू]-मे (नदी), [ब्वो]-नो (चांगला), [स्ये]-ना हे शहर, हे सगळे दोन अक्षरांचे शब्द आहेत. आपण ‘पियानो’, ‘सिएना’ असे तीन अक्षरी उच्चार करतो ते इटालियन नव्हेत. पहिल्याच धड्यात शिकवला जाणारा आभाराचा शब्दही [ग्रा]-त्स्ये असा दोन अक्षरी आहे, ‘ग्रा-त्सि-ए’ नव्हे. इ-उ दुसऱ्या स्वरानंतर आले तरी एकच अक्षर होते, आपल्या ऐ-औ सारखे: [लाव्]-रा हे मुलीचे नाव.

मात्र इ किंवा उ यांच्यावरच आघात असेल तर ते विरघळत नाहीत, स्वतःचे अक्षर राखतात: पा-[ऊ]-रा (भीती), [झी]-आ नव्हे तर [त्सी]-आ (मावशी, आत्या, काकू, इटालियनमध्ये तिन्हींना एकच शब्द), पा-[व्ही]-आ हे शहर. पुरुषाचे नाव [मा]-र्यो आणि स्त्रीचे मा-[री]-आ शेजारी ठेवून पाहावे. पहिल्यात आघात ‘मा’वर, म्हणून ‘इ’चा ‘य’ झाला आणि दोनच अक्षरे उरली. दुसऱ्यात आघात ‘री’वर, म्हणून तीन. फोड आधी आणि आघात नंतर असे मी वर म्हटले, पण इथे दोघांचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे. असा शब्द प्रथम भेटला की शब्दकोश उघडण्यावाचून मार्ग नाही.

आ, ए, ओ हे तीन स्वर कधीच वितळत नाहीत. त्यांच्यातले दोन शेजारी आले की दोन अक्षरे: पो-[ए]-ता (कवी), ते-[आ]-त्रो (नाट्यगृह), ले-ओ-[नार्]-दो, गा-लि-[ले]-ओ. ‘पाओलो’ हे नाव आपण ‘पावलो’सारखे दोन अक्षरी म्हणतो, पण नियमाने ते [पा]-ओ-लो असे तीन अक्षरी आहे. तीन स्वरांचा एक घास क्वचित भेटतो. आ-[य्वो]-ले (फुलांचे वाफे) हा त्याचा आवडता नमुना, कारण रोमन लिपीत लिहिल्यावर या सहा वर्णांच्या शब्दात पाचही स्वर असतात.

शेवटी एक फसवा ‘आय’ उरतो. ‘सी’, ‘जी’, ‘एस-सी’ आणि ‘जी-एल’ यांच्यानंतर आणि दुसऱ्या स्वराच्या आधी लिहिलेला ‘आय’ बहुधा केवळ उच्चाराची खूण असतो. तो म्हणत नाहीत आणि मोजतही नाहीत. [जोर्]-नो (दिवस), [चा]-ओ, का-[मी]-चा (सदरा) यांत तो मूक आहे. त्याच्यावर आघात असेल तरच तो जागा होतो: फार्-मा-[ची]-आ (औषधांचे दुकान), बु-[जी]-आ (खोटे बोलणे).

आघात मागून मोजावा

इटालियन व्याकरणात आघाताच्या जागेवरून शब्दांना नावे आहेत. अंत्य अक्षरावर आघात असलेला शब्द ‘त्रोन्का’, म्हणजे छाटलेला. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर असेल तर ‘प्याना’, म्हणजे सपाट. शेवटून तिसऱ्यावर असेल तर ‘झ्द्रुच्चोला’, म्हणजे घसरता. आघातानंतरची दोन हलकी अक्षरे खरोखरच उतारावरून घसरल्यासारखी ऐकू येतात. शेवटून चौथ्या अक्षरावर आघात असलेले शब्दही आहेत, पण ते मुख्यतः क्रियापदांची रूपे असतात.

सर्वांत मोठा वर्ग ‘प्याना’चा आहे. अनोळखी शब्द अडला आणि विचारायला कोणी नसेल, तर उपान्त्य अक्षरावर आघात द्यावा: मि-[ला]-नो, तो-[री]-नो, व्हे-[रो]-ना, बो-[लो]-न्या, फेर्-[रा]-रि, पा-व्हा-[रोत्]-ति. उपान्त्य अक्षर व्यंजनान्त असेल आणि शब्दाच्या शेवटी आघाताची खूण नसेल, तर हा अंदाज जवळजवळ खात्रीचा होतो: मो-[मेन्]-तो, स्पा-[गेत्]-ति, प्रो-[शुत्]-तो. याचे अपवाद थोडे आणि लक्षात राहण्याजोगे आहेत: [मान्]-दोर्-ला (बदाम), [पो]-लित्-त्सा (विम्याचा करार), आणि दक्षिणेकडील [ता]-रान्-तो व [ओ]-त्रान्-तो ही गावे.

यामागचे कारण लॅटिनमध्ये आहे, आणि लघु-गुरूची सवय असलेल्या वाचकाला ते लगेच पटते. लॅटिनमध्ये उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्याच्यावर आणि लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर, असा नियम होता. पुढे इटालियनमध्ये स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद अर्थाच्या दृष्टीने उरला नाही, पण आघात बहुधा जिथल्या तिथे राहिला. व्यंजनान्त अक्षर आजही गुरू असल्याचे दिसते, म्हणून तिथे नियम चालतो. स्वरान्त अक्षरात जुना दीर्घ कोणता आणि जुना ऱ्हस्व कोणता हे आता दिसत नाही, म्हणून तिथे पाठांतर येते. शहरांच्या नावांत हे विशेष जाणवते. [जे]-नो-व्हा, [पा]-दो-व्हा, [मो]-दे-ना, [बेर्]-गा-मो, [री]-मि-नि, [ब्रिन्]-दि-सि, [का]-ल्या-रि, [ऊ]-दि-ने ही सगळी घसरती नावे आहेत. ग्रीक ‘नेआपोलिस’, म्हणजे नवे नगर, यापासून आलेले [ना]-पो-लि त्यांतलेच. फ्लॉरेन्सचे प्रसिद्ध घराणे [मे]-दि-चि, आणि शिल्पकार मि-के-[लान्]-जे-लो.

पाठांतर हलके करण्यासाठी शब्दांची शेपटे ओळखावीत. ‘-इस्सिमो’, ‘-आबिले’, ‘-इबिले’, ‘-लोगो’, ‘-ग्राफो’, ‘-मेत्रो’, ‘-ऊदिने’ ही शेपटे शब्दाला घसरता करतात: बेल्-[लिस्]-सि-मो (अतिसुंदर), पोस्-[सी]-बि-ले (शक्य), फो-[तो]-ग्रा-फो (छायाचित्रकार), कि-[लो]-मे-त्रो, आ-बि-[तू]-दि-ने (सवय). ‘-इको’ने संपणारेही बहुतेक तसेच, जसे पो-[ली]-ति-को, पण आ-[मी]-को (मित्र), ने-[मी]-को (शत्रू), आन्-[ती]-को (प्राचीन) आणि [फी]-को (अंजीर) हे रोजचे शब्द अपवाद आहेत. उलट ‘-त्स्योने’, ‘-ईनो’, ‘-ओसो’ ही शेपटे स्वतःच आघात घेतात: स्ता-[त्स्यो]-ने (स्थानक), बाम्-[बी]-नो (मूल), फा-[मो]-सो (प्रसिद्ध). ‘-इआ’चे मात्र दोन तट आहेत. दुकाने आणि खाणावळी यांची ‘-एरिआ’, ‘-ओरिआ’ ही नावे ‘री’वर जोर घेतात, जसे पित्-त्से-[री]-आ आणि त्रात्-तो-[री]-आ, तर इ-[ता]-ल्या, सि-[ची]-ल्या, [स्तो]-र्या (इतिहास) यांत ‘इ’ विरघळलेला आहे.

आघाताने अर्थ कसा पालटतो याचे सर्वांत बोलके उदाहरण एकाच सहा वर्णांत सापडते. [का]-पि-तो म्हणजे ‘मी येऊन ठेपतो’, का-[पी]-तो म्हणजे ‘समजले’, आणि का-पि-[तो] म्हणजे ‘घडले’. [आन्]-को-रा म्हणजे नांगर, आन्-[को]-रा म्हणजे अजून. [प्रिन्]-चि-पि म्हणजे राजपुत्र, प्रिन्-[ची]-पि म्हणजे तत्त्वे. [सू]-बि-तो म्हणजे लगेच, सु-[बी]-तो म्हणजे सोसलेले. अशा जोड्या रोज एक याप्रमाणे मोठ्याने म्हणाव्यात. डोळ्याने वाचून त्या कानात बसत नाहीत.

लिहायची खूण

शब्दकोशात आघाताची खूण कुठेही दिसते, पण रोजच्या लेखनात ती मुख्यतः एकाच ठिकाणी सक्तीची आहे: एकाहून अधिक अक्षरांच्या शब्दात अंत्य अक्षरावर आघात असेल तेव्हा. चित्-[ता] (शहर), काफ्-[फे], पेर्-[के] (का, कारण), ति-रा-मि-[सु], उ-नि-व्हेर्-सि-[ता]. या शब्दांना ‘छाटलेले’ का म्हणतात तेही इथे उलगडते. ‘चित्ता’चे जुने रूप ‘चित्-[ता]-दे’ होते. शेवटचे अक्षर गळाले, आघात होता तिथेच राहिला आणि उपान्त्य अक्षर अंत्य झाले. सोमवार ते शुक्रवार या पाच वारांच्या शेवटी दिवस या अर्थाचा ‘दि’ आहे आणि आघात त्याच्यावर येतो, जसे लु-ने-[दि]. शनिवार [सा]-बा-तो आणि रविवार दो-[मे]-नि-का हे दोन्ही घसरते आहेत. शब्दाच्या शेवटी असलेला आघाताचा स्वर लांबवू नये. तो झटक्यात तोडावा.

ही खूण दोन तऱ्हांची असते. डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ मोकळ्या, तोंड जरा अधिक उघडून म्हटलेल्या स्वराची; डावीकडून उजवीकडे चढणारी मिटल्या स्वराची. हा भेद प्रत्यक्षात फक्त ‘ए’साठी लक्षात ठेवावा लागतो: ‘काफ्फे’वर उतरती, ‘पेर्के’वर चढती. शेवटच्या आ आणि ओ यांच्यावर नेहमी उतरतीच येते, आणि इ-उ यांच्यावरही छापील मजकुरात सहसा तीच आढळते.

एकाक्षरी शब्दांवर खूण लागते ती बहुधा सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या शब्दापासून वेगळे करण्यासाठी. खूण असलेला ‘ए’ म्हणजे आहे, नसलेला म्हणजे आणि. खूण असलेला ‘सि’ म्हणजे होय, खूण असलेला ‘ते’ म्हणजे चहा, नसलेला म्हणजे तुला. ‘इथे’ या अर्थाच्या ‘क्वि’ आणि ‘क्वा’ यांवर मात्र खूण देऊ नये. कळफलकावर खुणेचा वर्ण सापडला नाही म्हणून त्याजागी वर स्वल्पचिन्ह देण्याची पळवाट पुष्कळ जण काढतात. नीटनेटक्या लेखनात ती चूकच समजली जाते.

क्रियापदांत आघात फिरतो

‘पार्-[ला]-रे’ (बोलणे) हे क्रियापद घ्यावे. मी बोलतो, [पार्]-लो. तो बोलतो, [पार्]-ला. आम्ही बोलतो, पार्-[ल्या]-मो. तुम्ही बोलता, पार्-[ला]-ते. आणि ते बोलतात, [पार्]-ला-नो. शेवटच्या रूपात मराठी भाषकाकडून हमखास ‘पार्-[ला]-नो’ असे होते, कारण आम्ही-तुम्ही या रूपांतली लय कानात असते. नियम असा ठेवावा की ‘ते’च्या वर्तमानकाळी रूपात आघात ‘तो’च्या रूपात जिथे असेल तिथेच राहतो, मागे एक अक्षर वाढले तरी हलत नाही. ‘तो राहतो’ हे [आ]-बि-ता, म्हणून ‘ते राहतात’ हे [आ]-बि-ता-नो. ‘तो फोन करतो’ हे ते-[ले]-फो-ना, म्हणून ‘ते फोन करतात’ हे ते-[ले]-फो-ना-नो. मागे चिकटणारी सर्वनामेही आघात हलवत नाहीत: [पोर्]-ता (आण), [पोर्]-ता-मे-लो (ते मला आणून दे).

‘-एरे’ने संपणाऱ्या मूळ रूपांत दोन गट आहेत, आणि प्रत्येक क्रियापद शिकतानाच त्याचा गट लिहून ठेवावा. आ-[व्हे]-रे (असणे, जवळ असणे), व्हे-[दे]-रे (पाहणे), सा-[पे]-रे (माहीत असणे) हा एक. [लेज्]-जे-रे (वाचणे), [स्क्री]-व्हे-रे (लिहिणे), [प्रेन्]-दे-रे (घेणे) हा दुसरा, आणि तो बराच मोठा आहे.

इटालियन लोकांनाही काही शब्दांत शंका पडते, हे शिकणाऱ्याला धीर देणारे आहे. रु-[ब्री]-का (दूरध्वनीची वही), ए-[दी]-ले (बांधकामासंबंधी) आणि फ्रि-[ऊ]-लि हा ईशान्येकडील प्रदेश, हे शब्द तिथेही पुष्कळदा पहिल्या अक्षरावर जोर देऊन ऐकू येतात. कोश मात्र उपान्त्यावरच आघात देतात. इटलीची सार्वजनिक प्रसारण संस्था राय हिने १९६९ मध्ये शुद्धलेखन आणि उच्चार यांचा मोठा कोश प्रसिद्ध केला, आणि शंका आली की तो किंवा आघाताची खूण देणारा कोणताही चांगला कोश पाहावा.

ओळ तोडताना

ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर अक्षराच्या सीमेवरच तोडावा, द्वित्ताचे एक व्यंजन वर आणि एक खाली ठेवावे, आणि स्वरांच्या जोडीबद्दल खात्री नसेल तर तिथे तोडू नये, दुसरी जागा शोधावी. एकटा स्वर ओळीच्या शेवटी सोडणे डोळ्याला बरे दिसत नाही.

दोन वाक्ये पूर्ण फोडून

उपाहारगृहात बसल्यावर उपयोगी पडणारे एक वाक्य घेऊ: ‘मला एक साध्या पाण्याची बाटली आणि एक कॉफी हवी होती.’ व्होर्-[रेइ] [ऊ]-ना बोत्-[ती]-ल्या [दाक्]-क्वा ना-तु-[रा]-ले ए उन् काफ्-[फे]. ‘पाण्याची’ या अर्थाचे ‘द’ आणि ‘आक्क्वा’ हे दोन शब्द वर स्वल्पचिन्हाने जोडलेले असतात आणि त्यांचे ‘दाक्’ असे एकच अक्षर होते. ते चिन्ह पाहून तिथे थांबू नये. ‘ए उन्’ ही दोन अक्षरे बोलताना जवळजवळ एक होतात, आणि गाण्यात अशी दोन शब्दांच्या सीमेवरची स्वरजोडी पुष्कळदा एकाच सुराखाली छापलेली आढळते.

दुसरे वाक्य: ‘माझे आजी-आजोबा पादोव्हाला राहतात.’ इ [म्येइ] [नोन्]-नि [आ]-बि-ता-नो आ [पा]-दो-व्हा. ‘माझे’ हा तीन स्वरांचा शब्द एकाच अक्षरात मावला आहे, क्रियापदात आघात शेवटून चौथ्या अक्षरावर आहे आणि शहराच्या नावात तिसऱ्यावर. मध्य आणि दक्षिण इटलीतला माणूस ‘ला’ या अर्थाच्या ‘आ’नंतरचा ‘प’ दुप्पट करून ‘आप्-[पा]-दो-व्हा’ म्हणेल, जसे तो ‘घरी’ला ‘आक्-[का]-सा’ म्हणतो. लेखनात हे दिसत नाही, आणि खुद्द पादोव्हा ज्या उत्तरेकडील भागात आहे तिथे ‘प’ एकेरीच राहतो.